कॅमेरा कंपन्या नवं तंत्रज्ञान इतकं उशिरा का आणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोग्राफी शिकायला येणारी मुलं, लग्नाची कामं करणारे स्टुडिओवाले आणि सुट्टी मिळाली की ताडोबा गाठणारी हौशी मंडळी फिरून फिरून हेच विचारतात: लाख-दीड लाख मोजून घेतलेला कॅमेरा काही बाबतींत वीस हजारांच्या मोबाइलच्या मागे कसा? नवं काही यायला इतकी वर्षं का लागतात? त्यातल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कंपन्या खरंच मागे असतात, की आपल्याला तसं वाटतं?

कोणत्या बाबतीत, त्यावर उत्तर अवलंबून आहे. सेन्सर, लेन्स आणि शटर यांत कॅमेरावाले कोणाच्याही मागे नाहीत. पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरून सेकंदाला वीस-तीस फोटो काढणारं यंत्र हातात मावतं, हे मला आजही थक्क करतं. सॉफ्टवेअर, मोबाइलशी जोडणी आणि मेनूची रचना यांत मात्र हीच मंडळी वर्षानुवर्षं ढिम्म असतात. पहिल्या बाबतीत कधी सावकाशपणा दिसलाच, तर त्यामागे बहुतेक वेळा जुन्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो. दुसऱ्यातल्या सावकाशपणाला मी सरळ हेळसांड म्हणतो. कोणत्याही कंपनीला नावं ठेवण्याआधी तिचा उशीर यांपैकी कोणत्या जातीचा आहे ते बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

डिजिटल कॅमेरा कोडॅकनंच शोधला आणि त्यापायीच कोडॅक बुडाली, हे खरं का?

पहिला भाग खरा. स्टीव्ह सॅसन या कोडॅकच्या तरुण इंजिनिअरनं डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, लेन्स सुपर-८ मूव्ही कॅमेऱ्याची, सेन्सर शंभर बाय शंभर पिक्सेलचा, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि तो बघायचा टीव्हीवर. १९७८ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं.

पुढे कोडॅक हातावर हात ठेवून बसली, हा समज मात्र चुकीचा आहे. १९९१ मध्ये तिनं निकॉन एफ३ च्या बॉडीवर १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस कॅमेरा वृत्तछायाचित्रकारांसाठी बाजारात आणला. २००५ च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात ती आघाडीवर होती. अडचण नफ्याची होती. रोल, कागद, रसायनं आणि धुलाई या साखळीत प्रत्येक फोटोमागे पैसा सुटायचा. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की गिऱ्हाइकाकडून पुन्हा काही येत नाही, आणि त्या एकदाच्या विक्रीतही फायदा बेताचा. असलेली दुभती गाय स्वतःच्या हातानं विकायला कोण तयार होणार? जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

फुजीफिल्म याच संकटातून तगली, कारण तिनं फिल्म बनवण्याचं ज्ञान दुसरीकडे वापरलं. एलसीडी पडद्यांना लागणारी फिल्म, औषधनिर्मिती, चेहऱ्याची प्रसाधनं असं बरंच काही. कॅमेऱ्यात तिला नवं घर सापडलं ते नंतर. कोडॅकची गोष्ट सांगताना लोक 'नवं ओळखता आलं नाही' म्हणतात तेव्हा मला खटकतं. ओळखलं होतं, पण त्यावर पोट भरायची सोय उभी करता आली नाही.

माउंट म्हणजे काय, आणि सगळं घोडं तिथेच का अडतं?

बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात ते धातूचं कडं म्हणजे माउंट. त्याचा व्यास, त्याच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर आणि त्यावरचे विजेचे संपर्कबिंदू ठरले की पुढची कित्येक वर्षं बांधली जातात. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, पण लेन्स माणूस बापाकडून मुलाकडे देतो. एखाद्या स्टुडिओत दोन बॉडी आणि सहा लेन्स असतील, तर भांडवल अडकलेलं असतं लेन्समध्ये. कंपनीनं माउंट बदलला की ते सगळं भांडवल एका रात्रीत 'जुनं' होतं. म्हणून कंपन्या माउंटला हात लावायला घाबरतात, आणि ते साहजिक आहे.

१९८० च्या दशकातलं ऑटोफोकसचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. १९८५ मध्ये मिनोल्टानं ७००० हे मॉडेल आणलं. बॉडीतच मोटर असलेला, ऑटोफोकस सगळ्यांच्या आवाक्यात आणणारा तो एसएलआर, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशातून दाखवणारा कॅमेरा. कॅनन आणि निकॉन दोघांनाही धक्का बसला.

दोघांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. कॅननकडे एफडी माउंट होता. त्यावर विजेचे संपर्कबिंदू नव्हते. कॅननं तो मोडीत काढला आणि १९८७ मध्ये ईओएस ६५० सोबत ईएफ माउंट आणला: व्यास ५४ मिलिमीटर, मोटर प्रत्येक लेन्समध्ये, बॉडी-लेन्समधला सगळा संवाद विजेनं. जुनी एफडी लेन्स नव्या बॉडीवर बसेना. मध्ये भिंग असलेलं ॲडॉप्टर लावल्याशिवाय ती दूरवर फोकसही करेना. एफडीवाले संतापले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

निकॉननं १९५९ चा एफ माउंट ठेवला. मोटर बॉडीत बसवली आणि माउंटमधून बाहेर डोकावणाऱ्या बारीक स्क्रूड्रायव्हरसारख्या दांडीनं लेन्समधले गिअर फिरवले. जुन्या बॉडीवर निकॉनची ५० एमएम १.८डी लेन्स लावून फोकस करा. दांडी फिरल्याची घरघर ऐकू येते, बोटांना जाणवतेही. जुना गिऱ्हाईक खूश राहिला, पण खेळाच्या मैदानावर नव्वदच्या दशकात पांढऱ्या लेन्सा दिसू लागल्या त्या कॅननच्या. मोठ्या टेलिफोटोत लेन्समधलीच मोटर जास्त चपळ ठरली. निकॉनला अखेर लेन्समध्ये मोटर घालावीच लागली. २००६ च्या डी४० पासून स्वस्त बॉडींमधून ती दांडी गेली, आणि तीच ५० एमएम १.८डी डी४० वर हातानं फोकस करायची वेळ आली.

यात बरोबर कोण? माझं मत कॅननच्या बाजूनं जातं. माउंट एकदाच, मोठा आणि पुढचा विचार करून बदलला, म्हणून तो एसएलआरच्या काळात तीस वर्षांहून जास्त पुरला. पण १९८७ मध्ये ज्याच्या कपाटात पाच एफडी लेन्सा होत्या त्याला हे पटवायला मी गेलो नसतो.

मग मिररलेसला कॅनन-निकॉननं दहा वर्षं का लावली?

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. त्यातला पहिला, पॅनासोनिकचा जी१, २००८ चा. निकॉनचे झेड६, झेड७ आणि कॅननचा ईओएस आर २०१८ चे. दहा वर्षं खरी, पण मधल्या काळात दोघंही झोपले नव्हते.

निकॉननं २०११ मध्येच 'निकॉन १' ही मिररलेस मालिका काढली. तिचा ऑटोफोकस त्या काळाच्या मानानं अतिशय वेगवान होता. मात्र सेन्सर जेमतेम १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. कॅननचा ईओएस एम २०१२ मध्ये आला, सेन्सर मोठा पण फोकस इतका संथ की वर्षभरात फर्मवेअरनं, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर बदलून, डागडुजी करावी लागली. दोघांनी नव्या घरात एक पाय ठेवला, पण आपल्या डीएसएलआरच्या, म्हणजे आरशावाल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, धंद्याला धक्का लागणार नाही असा बेतानं. हा निष्कर्ष माझा आहे, पण दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवून बघा, दुसरा अर्थ लावणं अवघड जाईल.

तांत्रिक कारणही होतंच. डीएसएलआरमध्ये ४५ अंशांत बसवलेला आरसा प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे फेकतो, आणि त्याच्या मागचा छोटा आरसा थोडा प्रकाश खाली फोकसच्या खास सेन्सरकडे पाठवतो. ही जोडी धावत्या विषयाचा फोकस धरण्यात अतिशय तयार झालेली होती. मिररलेसमध्ये ते काम मुख्य सेन्सरनंच करायचं. कॅननं २०१३ मध्ये ७०डीमध्ये मुख्य सेन्सरवरच फोकस मोजणारी ड्युअल पिक्सेल पद्धत आणली, म्हणजे पाया तयार होता. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचं दृश्य मात्र मागे पडायचं, अंधारात दाणेदार व्हायचं, आणि बॅटरी भसाभस संपायची. वृत्तछायाचित्रकार ते चालवून घेणार नव्हते.

आरसा गेला की माउंट सेन्सरच्या जवळ आणता येतो. निकॉनच्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिलिमीटर आणि झेडचं १६. व्यास ४४ वरून ५५ वर गेला. म्हणजे १९८७ ला टाळलेला माउंटबदल निकॉनला एकतीस वर्षांनी करावा लागला. जुन्या एफ लेन्सा झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड ॲडॉप्टरवर मोटरवाल्या लेन्सा छान चालतात. दांडीवाल्या लेन्सा फोकससाठी तिथेही हातानेच फिरवाव्या लागतात.

सोनीला मग इतक्या लवकर कसं जमलं?

गमावण्यासारखं कमी होतं. सोनीनं २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय घेतला. डीएसएलआरमध्ये तिचा वाटा लहानच राहिला. २०१० मध्ये नेक्स मालिकेसाठी ई माउंट काढला, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच माउंटवर फुल फ्रेमचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, ए७ बसवला. सेन्सर ती स्वतः बनवते, तेही कामी आलं.

त्या पहिल्या ए७ च्या लेन्सा मोजक्या होत्या आणि बॅटरी इवलीशी. ती बॅटरी बदलायला सोनीलाही २०१७ चा ए९ येईपर्यंत वेळ लागला. मिनोल्टापासून चालत आलेल्या ए माउंटच्या लोकांचं काय झालं, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यांच्यासाठीची शेवटची बॉडी २०१६ ची ए९९ मार्क २, आणि २०२१ मध्ये ती मालिका गाजावाजा न करता यादीतून गेली. सोनीचा वेग त्या लोकांच्या खिशातून आला.

पहिला येतो तोच जिंकतो का?

नाही. मिनोल्टानं ऑटोफोकसमध्ये बाजी मारली आणि अमेरिकेतल्या हनीवेलनं पेटंटवरून कोर्टात खेचलं. १९९२ मध्ये प्रकरण मिटवायला मिनोल्टाला सुमारे १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले.

सॅमसंगचा एनएक्स१ तर मला अजून हळहळ लावतो. २०१४ मध्ये २८ मेगापिक्सेलचा बॅक-इल्युमिनेटेड सेन्सर, सेकंदाला १५ फोटो, ४के व्हिडिओ आणि तोही फाइल लहान ठेवणाऱ्या एच.२६५ पद्धतीत. त्या काळी तो व्हिडिओ उघडतानाच बहुतेकांचे संगणक धापा टाकायचे. दोनेक वर्षांत सॅमसंगनं या धंद्यातून अंग काढून घेतलं. ज्यांनी विश्वासानं लेन्सा घेतल्या ते तसेच राहिले. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडणं म्हणतात ते हेच. १९५४ च्या लायका एम लेन्स आजच्या एम बॉडीवर बसतात, हे वाचून लोक हसतात, पण त्या लेन्सांना अजून किंमत येते ती त्यामुळेच.

घाई केली तर काय बिघडतं?

२०२० मध्ये कॅननच्या आर५ मध्ये ८के व्हिडिओ आला आणि लगोलग कॅमेरा तापून बंद पडण्याच्या तक्रारीही आल्या. फोटोसाठी तो उत्तम कॅमेरा, पण पहिली चर्चा झाली ती तापण्याची.

प्रत्येक नव्या गोष्टीसोबत काहीतरी सोडावंही लागतं. सोनीचा २०२३ मध्ये जाहीर झालेला ए९ मार्क ३ हा फुल फ्रेममधला ग्लोबल शटरवाला पहिला व्यावसायिक मिररलेस. सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात, त्यामुळे वेगात फिरणारी बॅट किंवा हेलिकॉप्टरची पाती वाकडी दिसत नाहीत, आणि फ्लॅश सेकंदाच्या ८०,००० व्या भागापर्यंतच्या शटरवरही जुळतो. त्याबदल्यात मूळ आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, २५० पासून सुरू होतो आणि सावल्या उजळताना दाणे जरा लवकर दिसतात. क्रिकेट टिपणाऱ्याला ते चालेल. कासच्या पठारावर ट्रायपॉड लावून पहाटेचा प्रकाश टिपणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. निकॉनच्या झेड९ नं २०२१ मध्ये दुसरी वाट काढली: यांत्रिक शटर काढूनच टाकलं, पण सेन्सर इतका जलद वाचला की बहुतेक कामात वाकडेपणा जाणवत नाही. जंगलात वाघासमोर शटरचा आवाज नको असतो, तिथे या दोन्ही कॅमेऱ्यांचं मोल कळतं.

पॅनासोनिक तर मिररलेसमध्ये पहिली. तिचा फोकस इतकी वर्षं का डळमळायचा?

ती दृश्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-काळोखातला फरक, मोजून फोकस शोधायची, आणि २०१४ च्या जीएच४ पासून त्यात स्वतःची एक हिशोबाची पद्धत मिसळली. फोटोला ते ठीक, पण व्हिडिओत पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी हलायची. बाकी सगळे फोकसची दिशा थेट ओळखणाऱ्या फेज डिटेक्शन पद्धतीकडे गेले तरी ती आपल्याच पद्धतीला चिकटून राहिली. ती बदलली थेट जानेवारी २०२३ मध्ये, एस५ मार्क २ ला. जुन्या गिऱ्हाइकाच्या सोयीशी या उशिराचा काही संबंध नव्हता. हा निव्वळ हट्ट.

व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांवर का थांबायचा?

युरोपातल्या जकातीमुळे. अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग चित्रण करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा ठरायचं आणि त्यावर जादा कर लागायचा. कंपन्यांनी जगभरासाठी तीच मर्यादा घातली. सप्तपदी अर्ध्यावर असताना रेकॉर्डिंग थांबल्याचे किस्से त्यातून आले. नव्या बहुतेक कॅमेऱ्यांत ही अट गेली आहे.

मोबाइल जे सहज करतो ते कॅमेरा का करत नाही?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

मोबाइल बटण दाबल्यावर अनेक फ्रेम एकमेकींवर बसवून एक फोटो बनवतो. गुगलनं २०१३ मध्ये एचडीआर प्लस आणि २०१८ मध्ये नाइट साइट आणलं. ते छोट्या सेन्सरचं दुखणं झाकण्यासाठी होतं. मोठ्या सेन्सरला त्याची गरज कमी, हे मान्य. मोठ्या सेन्सरच्या भल्यामोठ्या फायलींवर तेवढा हिशोब करायला कॅमेऱ्याचा प्रोसेसर आणि बॅटरी अपुरी पडते, हेही मान्य. मोबाइलची चिप कोट्यवधींनी विकली जाते, कॅमेऱ्याची काही लाखांत. जपानी कॅमेरा उत्पादकांची संघटना सिपा हिच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० मध्ये जेमतेम ८९ लाख. इतक्या आटलेल्या बाजारात संशोधनाला हात आखडतोच.

तरीही ऑलिंपसनं हे करून दाखवलं, हे विसरून चालणार नाही. अंधारातल्या उजेडाच्या रेषा डोळ्यांसमोर जमत जाणारं लाइव्ह कॉम्पोझिट २०१४ पासून, बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम राखून ठेवणारं प्रो कॅप्चर २०१६ पासून, फिल्टर न लावता धबधब्याचं पाणी रेशमासारखं करणारं लाइव्ह एनडी २०१९ पासून. छोटा सेन्सर, छोटी कंपनी, तरी जमलं. मोठ्यांना मग अडवलं कोणी?

जोडणीचं तर काही विचारूच नका. लग्नात नवरी म्हणते, 'दादा, एक फोटो आत्ता पाठवा ना, स्टेटसला ठेवायचाय.' फोटोग्राफर मेनूत शिरतो, वाय-फाय सुरू करतो, मोबाइलमध्ये कंपनीचं ॲप उघडतो. ॲप ब्लूटूथवर कॅमेरा शोधत बसतं. मग मोबाइलला त्याचं नेट सोडून कॅमेऱ्याच्या नेटवर जायला सांगतं. मोबाइल विचारतो, 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडायचं?' हो म्हणेपर्यंत कॅमेरा झोपी गेलेला असतो. शेवटी तो कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच मोबाइलनं फोटो काढून देतो. हजारो स्टुडिओवाले रोज हे सोसतात, आणि यात भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम आड येत नाही.

कॅमेऱ्यात अँड्रॉइड घालण्याचे प्रयोग झाले: निकॉनचा कूलपिक्स एस८००सी २०१२ चा, सॅमसंगचा गॅलेक्सी एनएक्स २०१३ चा. सुरू व्हायला वेळ आणि बॅटरीचा फडशा, म्हणून ते टिकले नाहीत. अख्खी मोबाइल प्रणाली आत कोंबायची काहीच गरज नव्हती. बाहेरच्या प्रोग्रामरना कॅमेऱ्याशी बोलायची सोपी, उघडी सोय दिली असती तर अर्धा प्रश्न मिटला असता.

चार्जिंगचंही तेच. युरोपियन युनियननं २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं केलं. तोवर जुनी मायक्रो केबल देणारी मॉडेलं विकली जात होती.

फर्मवेअरनं जुना कॅमेरा खरंच सुधारतो का?

कंपनीच्या मनात असेल तर चांगलाच. निकॉननं झेड९ ला २०२२ मध्ये फर्मवेअरमधून सेकंदाला ६० फ्रेमचा ८के रॉ (सेन्सरचा कच्चा) व्हिडिओ दिला, २०२३ मध्ये विषय चौकटीत आला की आपोआप टिपणारं ऑटो कॅप्चर दिलं. गिऱ्हाइकाकडून एक पैसा घेतला नाही. फुजीफिल्मनंही कित्येक वर्षं हा रिवाज पाळला. कॅमेरा निवडताना त्या कंपनीनं आपल्या मागच्या मॉडेलला विकल्यानंतर काय काय दिलं, ते जरूर बघा.

पेंटॅक्स अजून डीएसएलआरच बनवते. वेडेपणा नाही का?

मला नाही वाटत. १९७५ पासूनचा के माउंट आणि त्यावर प्रेम करणारे थोडे पण पक्के गिऱ्हाईक, हा तिचा हिशोब आहे. २०२१ मध्ये तिनं के-३ मार्क ३ हा नवा डीएसएलआर आणला आणि २०२४ मध्ये तर पेंटॅक्स १७ हा रोलचा, हाफ फ्रेम (नेहमीच्या चौकटीच्या अर्ध्यात एक फोटो घेणारा) कॅमेरा. वाघामागे धावायला मी तिच्याकडे जाणार नाही. पण काचेतून थेट दिसणारं दृश्य ज्याला हवं त्याच्यासाठी कोणीतरी असायला हवंच.

एआयनं बनवलेल्या चित्रांच्या काळात कॅमेरा खरेपणाची खूण देऊ शकतो का?

सुरुवात झाली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला लायका एम११-पी हा फोटो काढतानाच त्यावर डिजिटल सही उमटवणारा पहिला कॅमेरा. फोटो कोणत्या यंत्रानं टिपला आणि नंतर त्यात काय बदललं, याची नोंद फाइलसोबत राहते. वृत्तपत्रांना याची निकड आहे. या एका बाबतीत मात्र मी कंपन्यांना घाई करा म्हणणार नाही. सहीच्या व्यवस्थेत एक फट राहिली तर खोट्या फोटोवर खरेपणाचा शिक्का बसेल.

आता शिकायला सेकंडहँड डीएसएलआर घेतला तर पैसे वाया जातील का?

अजिबात नाही. कॅननचा आणि निकॉनचा भर आता पूर्णपणे मिररलेसवर आहे, त्यामुळे जुन्या बॉडी आणि लेन्सा पडत्या भावात मिळतात. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला ॲपर्चर, शटर, आयएसओ शिकायला दहा वर्षांपूर्वीची बॉडी पुरते. कॅनन घेतलात तर ईएफ लेन्स पुढे आर मालिकेवर ॲडॉप्टरनं उत्तम चालतात. निकॉन घेतलात तर लेन्सवर एएफ-एस लिहिलंय का ते पाहा. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर स्वस्त बॉडीवर आणि झेडवर फोकस हातानं करावा लागेल. व्यवहार करण्याआधी शटर किती वेळा उडालं आहे ते विचारा, आणि लेन्सची दोन्ही टोपणं काढून मागून टॉर्च मारा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दोन-चार पावसाळ्यांत बंद पिशवीत राहिलेल्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. ते दिसले तर लेन्स कितीही स्वस्त असो, घेऊ नका.